पोटातल्या बाळावर खरंच कशाकशाचा परिणाम होतो? फॉरवर्ड वाचून डोकं उठलंय

होणारा_बाबा:
बायकोला विसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. दोन्हीकडच्या फॅमिली ग्रुपवर सल्ल्यांचा नुसता पूर आलाय, आई रडली की बाळ रडकं होतं, पोटाला हेडफोन लावून अमुक म्युझिक ऐकवलं की हुशार होतं, रागावलं की बाळ तापट निघतं वगैरे वगैरे. आता झालंय असं की तिला जरा रडू आलं की "मी रडले, आता बाळाचं काय होणार" म्हणून ती परत रडते. मला या सगळ्यातलं खरं किती आणि थापा किती ते हवंय. माहितीसाठी: थायरॉइडची गोळी लग्नाआधीपासून चालू आहे, प्रेग्नन्सी पाचव्या आठवड्यात कळली आणि फोलिक अॅसिड तेव्हापासून सुरू केलं. दारू वगैरे नाही. मी सिगरेट ओढतो पण गॅलरीत, दार लावून.

उंटावरचा_शहाणा:
ग्रुप म्यूट करा. अर्धं टेन्शन तिथेच संपेल.

खिडकीपाशी:
वरच्याशी सहमत, पण तुमच्या पोस्टमधल्या ज्या दोन गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत त्या तुम्ही "माहितीसाठी" म्हणून शेवटी टाकल्यात, थायरॉइड आणि सिगरेट. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यापासून काम करायला लागते आणि पुरेसं हार्मोन बनवायला त्यानंतरही बराच वेळ घेते, तोपर्यंत मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईकडूनच जातं. त्यामुळे आधीपासून गोळी चालू असलेल्या बहुतेक बायकांना प्रेग्नन्सीत डोस वाढवावा लागतो, आणि निम्मे दिवस जाईपर्यंत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) साधारण दर चार आठवड्यांनी बघतात. शेवटचा टीएसएच कधी केला होता? डोस लग्नाआधीचाच चालू असेल तर आजच डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने मात्र बदलू नका.

फोलिकचं म्हणाल तर बाळाचा मणका आणि मेंदू जिच्यापासून बनतो ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळीच्या हिशोबाने सहावा आठवडा, म्हणूनच ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायला सांगतात. तुमचं आता होऊन गेलंय आणि त्यावर झोप घालवण्यात अर्थ नाही, कारण आधी गोळी न घेतलेल्या बहुतेक बायकांची बाळंही व्यवस्थितच असतात. या सुमाराला जो अॅनोमली स्कॅन (बाळाचे अवयव नीट बनलेत का ते बघणारी सोनोग्राफी) होतो त्यात मणका नीट बघतात, तो झालाय का तेवढं बघा.

एकूण काय, कोणती गोष्ट कधी घडली यावर बरंच अवलंबून असतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये जर्मन नाकेबंदीमुळे दुष्काळ पडला, एका टप्प्यावर रेशन माणशी दिवसाला ४०० ते ८०० कॅलरीवर आलं होतं. तेव्हा शेवटच्या तीन महिन्यांत असलेल्या बायकांची बाळं वजनाने कमी भरली. पण ज्यांचे पहिले तीन महिने दुष्काळात गेले त्यांच्या बाळांचं वजन जन्मताना जवळपास ठीक होतं आणि मोठेपणी हृदयविकाराचं प्रमाण त्यांच्यात जास्त सापडलं. वजनकाट्यावर सगळं दिसत नाही ते असं. आणि हे महिनोन् महिने उपासमारीबद्दल चाललंय हां, एखाद्या दिवशी जेवण गेलं नाही त्याबद्दल नाही.

मीठमिरची:
रडण्याचं काही नाही असं सरसकट नका सांगू. १९९८ च्या जानेवारीत कॅनडात, क्युबेकमध्ये, मोठं बर्फाचं वादळ झालं, लोकांकडे कित्येक दिवस, काहींकडे तर कित्येक आठवडे लाइट नव्हती, तेव्हा प्रेग्नंट असलेल्या बायकांची मुलं पुढे वर्षानुवर्षं तपासली. ज्यांचे हाल जास्त झाले त्यांची मुलं भाषा आणि बुद्धीच्या चाचण्यांत सरासरीने थोडी मागे होती. म्हणजे स्ट्रेसचा परिणाम असतो.

खिडकीपाशी:
बरोबर, पण त्याच अभ्यासातली पुढची गंमत बघा ना, आईला मनातून किती त्रास वाटला यापेक्षा प्रत्यक्षात हाल किती झाले, म्हणजे अंधारात किती दिवस काढले, घर सोडावं लागलं का, याच्याशी त्या मार्कांचा संबंध जास्त दिसला. सिनेमा बघून रडू येणं त्यात बसत नाही. हां, दोन-दोन आठवडे सतत उदास, झोप नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर उपचार घ्यायलाच हवेत, कारण ते अंगावर काढलं तर बाळ वेळेआधी होण्याची शक्यता वाढते. कुणाला आधीपासून गोळ्या चालू असतील तर प्रेग्नन्सी कळल्यावर घाबरून अचानक बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

कानसेन:
हेडफोनचं मी सांगतो. १९९३ मध्ये म्युझिक आणि बुद्धीचा जो प्रयोग गाजला तो कॉलेजच्या मुलांवर होता, आणि त्यांचा फायदाही दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. पोटातल्या बाळाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता! पण बाळाला ऐकू येतं हे खरं आहे. १९८० च्या एका प्रयोगात तीन दिवसांच्या आतल्या बाळांना चोखणी दिली, चोखण्याची लय बदलली की कधी आईचा आवाज लागायचा कधी परक्या बाईचा, आणि बाळं आईचा आवाज लागेल अशा लयीत चोखत होती. आईचा आवाज तिच्या शरीरातूनच आत पोचतो, त्याला मशीन लागत नाही. पोटाला चिकटवून मोठ्या आवाजात काही लावू नका म्हणजे झालं.

होणारा_बाबा:
सगळ्यांचे आभार. स्कॅन मागच्या आठवड्यात झाला, नॉर्मल आहे. टीएसएच तिसऱ्या महिन्यात केलेला, त्यानंतर नाही, उद्या सकाळीच करून घेतो. सिगरेटबद्दल कोणी बोललं नाही म्हणजे गॅलरी चालतेय असं धरू का? 😅

मीठमिरची:
अजिबात धरू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो आणि बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईपेक्षाही वर जातं. आई स्वतः ओढत असेल तर बाळाचं वजन सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास कमी भरतं, दुसऱ्याच्या धुराने कमी प्रमाणात पण भरतंच. आणि दार लावलं तरी फटीतून धूर आत येतो, उरलेला तुमच्या शर्टावर बसून येतो. बाळ झाल्यावर तर अजून वाईट, घरात धूर असेल तर बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो. अजून निम्मे दिवस हातात आहेत, सोडायची गोळी किंवा पॅच डॉक्टर देतात, टीएसएचला जाताय तेव्हाच विचारून घ्या.