एक्सेल येतं, आता एसक्यूएल किती आणि कुठून शिकायचं?

डिस्पॅच_डेस्क

वितरण कंपनीत सेल्स एमआयएसचं (विक्रीचे रिपोर्ट बनवण्याचं) काम आहे. व्हीलुकअप, पिव्हट, थोडंफार मॅक्रो येतं. बिझनेस अ‍ॅनालिस्टची कुठलीही जाहिरात उघडली की पहिल्या तीन ओळींत एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) असतंच. शिवाय वर्षभराच्या बिल-ओळी आता १०,४८,५७६ च्या पुढे गेल्यात. एक्सेलमध्ये फाइल उघडली की खालच्या ओळी येतच नाहीत.

तीन शंका आहेत.
१. प्रोग्रामर व्हायचं नाही. मग नेमकं किती शिकलं की पुरे?
२. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करू देत नाहीत.
३. घरी खोटी नावं टाकून तीन तक्ते केले: बिलं, बिलाच्या ओळी आणि जमा पावत्या. तिन्ही जोडून बेरीज केली तर विक्री टॅलीतल्या आकड्याच्या कितीतरी पट येते. डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरा, असं सांगणारा शब्द) लावल्यावर उलट कमी येते. चुकतंय कुठे?

---

खतावणी

आधी तिसरी शंका घेतो. ती सुटली की पहिलीचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

एकच बिल घ्या. क्रमांक १०४७, रक्कम ₹१२,०००. त्यात साबण, तेल आणि चहा अशा तीन ओळी. पैसे दोन हप्त्यांत आले, ₹५,००० आणि ₹७,०००. बिल क्रमांकावर तिन्ही तक्ते जोडलेत की प्रत्येक ओळीसमोर प्रत्येक पावती येते, म्हणजे ३ × २ = ६ ओळी. बिलाची रक्कम सहाही ओळींवर छापली जाते, बेरीज ₹७२,०००. पावत्या तिप्पट होतात, ₹३६,०००. डेटाबेसने काही चूक केलेली नाही, तुम्ही मागितलंत तेच दिलं. व्हीलुकअप पहिली जुळणी सापडली की थांबतो. जॉइन (एसक्यूएलमधली तक्त्यांची जोडणी) थांबत नाही, जुळेल ते सगळं आणतो. एक्सेलवाला पहिल्यांदा अडखळतो तो इथेच.

डिस्टिंक्टने कमी का आलं? सम(डिस्टिंक्ट रक्कम) म्हटलंत की ₹१२,००० ची दोन वेगळी बिलंही एकदाच धरली जातात. डिस्टिंक्ट हे जॉइनच्या चुकीवरचं औषध नव्हे. ते घुसडावंसं वाटलं की समजा, वर कुठेतरी जोडणी बिघडली आहे.

उपाय असा की जोडायच्या आधीच प्रत्येक तक्ता बिलामागे एका ओळीवर आणायचा. (कीवर्ड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग टाका.)

विथ
ओ अ‍ॅज (सिलेक्ट बिल_क्र, सम(नग * दर) अ‍ॅज विक्री फ्रॉम ओळी ग्रुप बाय बिल_क्र),
पा अ‍ॅज (सिलेक्ट बिल_क्र, सम(रक्कम) अ‍ॅज जमा फ्रॉम पावत्या ग्रुप बाय बिल_क्र)
सिलेक्ट बि.बिल_क्र, ओ.विक्री, कोअ‍ॅलेस(पा.जमा, ०) अ‍ॅज जमा
फ्रॉम बिलं बि
लेफ्ट जॉइन ओ ऑन ओ.बिल_क्र = बि.बिल_क्र
लेफ्ट जॉइन पा ऑन पा.बिल_क्र = बि.बिल_क्र

पावत्यांना लेफ्ट जॉइनच (जुळणी नसली तरी डावीकडची प्रत्येक ओळ ठेवणारा) हवा, नाहीतर उधारीतली बिलं गळतील आणि येणेबाकीचा रिपोर्ट सुंदर दिसेल. कोअ‍ॅलेस (रिकाम्याच्या जागी शून्य टाकणारं फंक्शन) नसेल तर जमा रिकामी राहते आणि विक्री वजा जमा हेही रिकामंच येतं.

आणि एक सवय: प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर काउंट(*) घ्यायचा. बिलं ४,००० होती आणि जोडल्यावर ४,००० च राहिली तर पुढे जायचं. ४,०१२ झाली तर तिथेच थांबून ते बारा कुठून आले ते शोधायचं.

---

तिसरी_ओळ

पहिल्या दोन शंकांबद्दल.

किती शिकायचं: सिलेक्ट, व्हेअर, ऑर्डर बाय, ग्रुप बाय, हॅविंग, इनर (फक्त जुळणाऱ्या ओळी ठेवणारा) आणि लेफ्ट जॉइन, केस व्हेन, विथ, आणि शेवटी विंडो फंक्शनपैकी (ओळी न गुंडाळता आजूबाजूच्या ओळी पाहून हिशोब करणारी फंक्शनं) रो_नंबर, लॅग आणि चालती बेरीज. रोज पाऊण तास बसलात तर दीड-दोन महिन्यांचं काम. तक्ते बनवणं, इंडेक्स, ट्रिगर हे सध्या सोडून द्या.

लिहिण्याचा क्रम आणि चालण्याचा क्रम वेगळा असतो, हे पहिल्याच दिवशी वहीत उतरवा: फ्रॉम व जॉइन, मग व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, त्यानंतर सिलेक्ट, सगळ्यात शेवटी ऑर्डर बाय. व्हेअरमध्ये सम() का चालत नाही, हॅविंगमध्ये का चालतो, हे यावरून कळतं. गट पडायच्या आधी बेरीज असणार कुठून?

सॉफ्टवेअर: डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट. फुकट आहे आणि इन्स्टॉल न करता चालणारी झिप मिळते. तरी ऑफिसच्या मशीनवर आयटीला विचारूनच ठेवा. ब्राउझरमध्येच काम करायचं तर गूगलच्या बिगक्वेरी या ऑनलाइन डेटाबेसचं सँडबॉक्स (फुकट सरावाची जागा) आहे. कार्ड लागत नाही, महिन्याला १ टीबीपर्यंत क्वेरी फुकट, फक्त तक्ते ६० दिवसांनी पुसले जातात. कंपनीची खरी फाइल तिथे चढवू नका, ग्राहकांचे मोबाइल नंबर काढून टाकलेले असले तरी.

सरावाला चिनूक हा नमुना डेटाबेस घ्या. गाणी विकणाऱ्या दुकानाचा आहे: ५९ ग्राहक, ४१२ बिलं, २,२४० बिल-ओळी. तुमचीच चूक तिथे मुद्दाम करून बघा. बिलांच्या टोटलची बेरीज २,३२८.६० येते. ओळींतून दर × नग केलंत तरी तेवढीच. पण बिलं आणि ओळी जोडून टोटलची बेरीज घेतलीत की आकडा फुगतो. दुसरा प्रश्न: सातपेक्षा कमी बिलं असलेला ग्राहक कोण? ग्रुप बाय आणि हॅविंग नीट जमलं असेल तर उत्तरात एकच ओळ येते.

---

पिव्हटप्रेमी

थोडा वेगळा सूर. एसक्यूएलचं एवढं काय? २०१६ पासून एक्सेलमध्ये पॉवर क्वेरी (डेटा आत घेऊन जोडायचं साधन) आतच आहे. दहा लाखांची मर्यादा शीटला आहे, डेटा मॉडेलला नाही. आयटीच्या दारात उभं न राहता उद्यापासून काम सुरू होतं. मर्ज, ग्रुप सगळं माउसने.

---

खतावणी

@पिव्हटप्रेमी, आजची फाइल उघडण्यापुरतं शंभर टक्के मान्य, आणि ते आजच करावं. पण मर्जमध्येही एका बिलाला दोन पावत्या असल्या की ओळी तशाच दुप्पट होतात, फक्त ते पटकन दिसत नाही. आणि मुलाखतीत स्क्रीनवर दोन तक्ते ठेवून क्वेरी लिहायला सांगतात, तिथे माउस मिळत नाही.

---

लेजर_काकू

सीएसव्ही आत घेतानाची भानगड कुणी सांगितलीच नाही.

फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली, की ग्राहक कोड ००४५२ चा ४५२ होतो आणि १६ आकडी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. मग जॉइन जुळत नाही आणि माणूस क्वेरीत चूक शोधत बसतो. मूळ फाइल थेट डेटाबेसमध्ये घ्या, कोडचे रकाने टेक्स्टच ठेवा.

रक्कम "१,२५,०००" अशी स्वल्पविरामासकट आली तर तो मजकूर आहे, आकडा नाही. एसक्यूलाइट त्याला आकड्यात बदलताना पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतो आणि सव्वा लाखाचा एक रुपया होतो, तोही काही तक्रार न करता. आधी रिप्लेस करून स्वल्पविराम काढा, मग कास्ट.

तारखा दिवस-महिना-वर्ष अशा असतील तर क्रम लागत नाही. ०५-१२-२०२३ ही तारीख ३१-०१-२०२२ च्या आधी येते, कारण तुलना अक्षरांची होते. सब्स्ट्रने तुकडे करून वर्ष-महिना-दिवस अशी उलटी जोडून घ्या.

आता आर्थिक वर्ष. बिट्वीन २०२४-०४-०१ अँड २०२५-०३-३१ असं लिहिलंत आणि तारखेसोबत वेळही साठवलेली असली, तर ३१ मार्चची मध्यरात्रीनंतरची सगळी बिलं बाहेर. आणि ३१ मार्चलाच तर टार्गेटसाठी बिलांचा पाऊस पडतो! म्हणून >= २०२४-०४-०१ आणि < २०२५-०४-०१ असंच लिहायचं.

तिमाही काढायला तारखेतून तीन महिने वजा करून कॅलेंडरची तिमाही घेण्याची युक्ती सगळे वापरतात. एसक्यूलाइटमध्ये तिच्यात खड्डा आहे. ३१ डिसेंबरमधून तीन महिने गेले की ३१ सप्टेंबर उरते. ती तारीख नसतेच, म्हणून तो १ ऑक्टोबर धरतो. तिसऱ्या तिमाहीची बिलं चौथीत. आधी 'स्टार्ट ऑफ मंथ' लावा, मग तीन महिने वजा करा. मायएसक्यूएल अशा वेळी ३० सप्टेंबर धरतो, म्हणून तिथे हा घोळ होत नाही.

---

डिस्पॅच_डेस्क

बेरीज जुळली, मनापासून आभार. काकू, ३१ डिसेंबरचा घोळ माझ्याही रिपोर्टमध्ये होता.

आता दुसरी अडचण. या आर्थिक वर्षात एकही बिल न झालेले ग्राहक हवेत. नॉट इन वापरलं तर शून्य ओळी येतात. लेफ्ट जॉइन करून व्हेअरमध्ये तारीख टाकली तर फक्त खरेदी करणारेच दिसतात. गप्प बसलेले ग्राहक आहेत, हे मला नक्की माहीत आहे.

---

तिसरी_ओळ

दोन्हीचं मूळ नलमध्ये, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या किमतीत आहे.

बिलांच्या तक्त्यात एखाद्या बिलाचा ग्राहक कोड रिकामा असेल, बहुधा रोखीचं बिल असेल. नॉट इनच्या यादीत एक जरी नल आला तरी "हा कोड यादीत नाही" असं डेटाबेस खात्रीने म्हणू शकत नाही, म्हणून कुणालाच आत घेत नाही. आतल्या क्वेरीत ग्राहक_कोड इज नॉट नल टाका, किंवा सरळ नॉट एक्झिस्ट्स वापरा.

लेफ्ट जॉइनमध्ये तारखेची अट व्हेअरमधून उचलून ऑनमध्ये न्या, आणि व्हेअरमध्ये फक्त बि.बिल_क्र इज नल ठेवा. गप्प ग्राहकासमोर बिलाची तारीख रिकामी असते. व्हेअरमध्ये तारीख तपासली की नेमक्या त्याच ओळी गळतात आणि लेफ्ट जॉइनचा इनर होऊन बसतो.

हा प्रश्न मुलाखतीतही विचारतात. दोन्ही रीतींनी लिहून ठेवा.

---

लेजर_काकू

आणि आयटीकडे जाताना "डेटाबेसचा अ‍ॅक्सेस द्या" असं मोघम मागू नका, नकारच येईल. बिलं, ओळी, पावत्या आणि ग्राहक या चारच तक्त्यांवर, फक्त वाचण्याचा हक्क, आणि तोही चालू सर्व्हरवर नको, रिपोर्टिंगच्या प्रतीवर, असं मेलमध्ये लिहा. प्रत नसेल तर रात्रीचा एक्सपोर्ट मागा. मिळाल्यावर पहिली क्वेरी लिमिट १०० लावूनच चालवा, आणि सिलेक्ट स्टारऐवजी हवे तेवढेच रकाने घ्या.