डोक्यात चट्टा आणि कानातपण डाग, काय असेल?

बहिणीच्या डोक्यात रुपयाएवढा चट्टा पडलाय, केस गेलेत, कातडी खरबरीत, मधे पांढरट नि कडेला काळपट, कानाच्या खोलगट भागातपण तसलाच डाग, रंकाळ्यावर उन्हात फिरली की गाल लाल होतात, घरचे म्हणतात चाई आहे, कांदा चोळ. काय करू?

– ताई, कांदा बंद करा आधी. चाईत कातडी गुळगुळीत असते. माझ्या आईला असंच होतं, डिस्कॉइड ल्युपस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते तो आजार. व्रण पडला की तिथं केस परत येत नाहीत, थांबू नका, स्किनच्या डॉक्टरना दाखवून बायोप्सी (कातडीचा बारीक तुकडा काढून तपासतात), एएनए (ल्युपससाठीची रक्ततपासणी) यांचं विचारा.

– सांधेदुखी, तोंडात फोड असली तर तेपण सांगा, लघवी तपासा, ल्युपस कातडीपुरताच आहे की आत पसरलाय ते बघायला.

– हो ओ, सकाळी बोटं आखडतात, भाकरी थापता येत नाही तिला. उद्याच नेते.