एस्टोनियाने रूबल इतक्या लवकर का सोडला?

प्रश्न: परीक्षेसाठी सोव्हिएत विघटनानंतरचा काळ वाचतेय. एस्टोनियाने जून 1992 मध्येच रूबलऐवजी स्वतःचं चलन, क्रून, आणलं, तेव्हा रशियन फौजाही देशातच होत्या. एवढी घाई कशासाठी?

उत्तर १: घाई नव्हे, गरज होती. रूबलच्या नोटा छापायच्या फक्त मॉस्कोने. कर्ज वाटायला मात्र प्रत्येक प्रजासत्ताकाची मध्यवर्ती बँक मोकळी. शेजाऱ्याने आजारी कारखान्यांना खिरापत वाटली, की महागाई सगळ्यांच्या माथी.
मी हा विषय शिकवतो, आणि जूनमधल्या नोटाबदलीच्या त्या तीन दिवसांपाशी दरवेळी रेंगाळतो. माणशी 1500 रूबल बदलून मिळणार, 10 रूबलला 1 क्रून. म्हणजे हातात फक्त 150 क्रून! 8 क्रूनला 1 जर्मन मार्क हा दर बांधलेला, आणि तिजोरीत सोनं-परकीय चलन असेल तेवढेच क्रून. युद्धापूर्वी ब्रिटन, स्वीडनमध्ये ठेवलेलं सोनं इथे कामी आलं. तूट भरायला नोटा छापण्याची वाटच बंद. माझ्या मते खरं राज्य तिथे उभं राहिलं.

उत्तर २: युक्रेनही बघा. तिथे 1993 मध्ये महागाई 10,000 टक्क्यांच्या वर गेली. रिव्निया हे आजचं चलन आलं थेट सप्टेंबर 1996 मध्ये, कार्बोव्हानेत्स या आधीच्या चलनाच्या 1 लाखाला एक.

प्रश्नकर्ती: मग एस्टोनियात झळ बसलीच नाही?

उत्तर १: बसली की! निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि नार्वासारख्या कारखानी शहरांना सगळ्यांत जास्त. ते उत्तरात जरूर लिहा.