सापळा भरतो, तरी फळं का किडतात?

फळमाशीच्या सापळ्यात ढीगभर माश्या पडूनही आंबे, पेरू किडतातच, म्हणून सापळा बोगस, हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. सापळ्यात आमिष म्हणून ठेवलेल्या मिथाईल युजेनॉल या वासाच्या पदार्थाला फक्त नर येतात, तेही वयात आलेले. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे थोडे नर उरले तरी माद्यांचं भागतं. (या सापळ्याचं ‘कामगंध’ हे नावही फसवंच. हा मादीचा गंध नव्हे, वनस्पतींतला पदार्थ आहे. नर तो खातो आणि त्यानंतर माद्यांना जास्तच आवडू लागतो!)

सहसा कुणी न बोललेला मुद्दा मादीच्या वयाचा. कोषातून निघालेली मादी लगेच अंडी घालत नाही. तिची अंडी पिकायला साधारण आठवडा ते दोन आठवडे जातात आणि त्यासाठी तिला प्रथिनं लागतात. मी एकदा किडका पेरू वाळूवर ठेवून जाळीच्या डब्यात माश्या निघू दिल्या. नुसत्या साखरपाण्यावर त्या मजेत जगल्या, पण आत ठेवलेल्या पेरूला एक डंख (मादीने अंडी घालायला टोचल्याची खूण) नाही. पुढच्या खेपेला प्रथिनांसाठी साखरेत यीस्ट कालवलं. काही दिवसांनी दिवेलागणीला नर पंख थरथरवत जाळीला चिकटलेले दिसले, अंधार पडता पडता जोड्या जमल्या त्या रात्री उशिरा बघितलं तरी तशाच. प्रथिनयुक्त आमिष मादीला ओढतं ते या भुकेमुळे. ते फळं पिकायच्या आधीच, ठिपक्या-ठिपक्यांनी पानांवर द्या. डंख दिसल्यावर दिलं तर तोवर अंडी आत गेलेली असतात.