फियाट 1100 घाटात उकळतेय: हेड उतरवू की इंजिनच बदलू?

कराडचा_बंड्या:
नमस्कार मंडळी. मामांची 1970 ची फियाट 1100 डिलाइट माझ्याकडे आली आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, मूळ 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगवर. गावात फिरवली तर नाव ठेवायला जागा नाही, पण खंबाटकी चढायला लागली की बॉनेटमधून वाफा. रेडिएटरचं पाणी कमी होतं, खाली थेंबही दिसत नाही. मिस्त्री म्हणतो, "मारुतीचं इंजिन टाक, डोक्याला ताप नको." घरी शेड आहे, पाने आहेत. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, स्वतः उतरवावं का?

घाटवाला:
थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून टाका आणि इलेक्ट्रिक फॅन लावा. आमच्याकडे सगळे तेच करतात.

सांगलीचे_आप्पा:
बंड्या, पाना जरा खाली ठेव. पाणी बाहेर न गळता संपतंय म्हणजे बहुतेक आत जातंय. सकाळी गाडी गार असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू कर आणि थोडी रेस देऊन बघ. सारखे बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधला गॅस्केट, गेलं समज. ऑईलच्या पट्टीवर दुधाळ फेस असेल, म्हणजे ऑईलमध्ये पाणी गेलं असेल, तर मात्र गाडी जागची हलवू नकोस.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही सारखे फुगत नाहीत, म्हणून जास्त उकळलेल्या गाडीचं हेड वाकतं. नुसतं नवीन पॅकिंग घातलंस तर पुढच्या घाटात पुन्हा तेच रडगाणं.

हेड घरी उतरवता येतं, घाई नको एवढंच. इंजिन पूर्ण गार हवं. नट बाहेरून आत थोडे थोडे ढिले करायचे, बसवताना मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना). आकडा मॅन्युअलमधला घे, कुणाच्या तोंडचा नको. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) काढल्यावर त्यांना खालून ढकलणाऱ्या आठ सळ्या, म्हणजे पुशरॉड, निघतील. बुटाच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाड, एका टोकाला 'रेडिएटर' लिही आणि निघतील त्याच क्रमाने रोवून ठेव. प्रत्येक पुशरॉड आपापल्या जागी घासून बसलेला असतो. हेड चिकटलं तर फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नकोस. लाकडी ठोकळा धरून बाजूने ठोक.

खरी गंमत त्याच्या खाली आहे. इतकी वर्षं बोअरचं पाणी पिऊन ब्लॉकमधल्या वाटांत तांबूस चिखल कडक झालेला असतो. ब्लॉकच्या बाजूच्या डम्या (भोकं बुजवणारी पत्र्याची बुचं) काढ, तार घालून खरवड, पाण्याचा झोत मार. मला तर अर्धा आजार तिथेच दिसतोय.

थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात टाकून गरम कर. उघडला तर परत बसव, नाही उघडला तर नवीन आण. काढूनच टाकलास तर थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त पितं.

कराडचा_बंड्या:
आप्पा, बुडबुडे आहेत! ऑईल स्वच्छ आहे. आणि मारुतीच्या इंजिनाचं काय?

सांगलीचे_आप्पा:
त्याच्या वाटेला जाऊ नकोस. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम 52. शिवाय तुझी गाडी पन्नाशी ओलांडलेली. 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात फेरफार केलेस की तो दरवाजा बंद. मात्र तशी नोंदणी केल्यावर रोज मंडईत नेता येत नाही, तेव्हा आधी ठरव गाडी कशासाठी ठेवायची.

हौसच असेल तर उद्या काढून मूळ भाग परत लावता येतील असेच बदल कर. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन चालेल, जुने पॉइंट डब्यात जपून ठेव. कार्बोरेटरपर्यंतचे पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) मात्र बदलच. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. त्यात हवा-पेट्रोलचं मिश्रणही पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, तेव्हा मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघ. पांढरट असेल तर पेट्रोल अजून कमी पडतंय.

घाटवाला:
हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) देताना सांगा, जितकं वाकलंय तितकंच घासा. आमच्याकडचा लेथवाला उगाच जास्त मारतो.

सांगलीचे_आप्पा:
हे बरोबर. बंड्या, आधी घरीच सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघ. सुट्टी बघूनच उघड, आणि पॅकिंगचा सेट अगोदर आणून ठेव. जुन्या फियाटचा सेट मागितल्याबरोबर मिळेल असं नाही.