27 वर्षांनी घटस्फोट झाला, पण सासूबाईंचा फोन रोज येतो

राजारामपुरीकरीण

नमस्कार. वय 52, पतसंस्थेत नोकरी. गेल्या दिवाळीच्या आधी परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. मारहाण नव्हती, दुसरी बाई नव्हती, आणि त्यामुळंच लोकांना पटत नाही. 'मग झालं तरी काय?' हे दूधवाल्यापासून चुलत जावेपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. वर्षानुवर्षं आम्ही फक्त सिलिंडर आणि लाईटबिल यावर बोलत होतो, एवढंच सांगते.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्यानं राहते. ते शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात, सासूबाई त्यांच्याजवळ. मुलगा पुण्यात. कोर्टाचं सगळं सुरळीत पार पडलं, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण सासूबाईंची. वय 79. रोज रात्री साडेआठला फोन. "जेवलीस काय गं? काय केलंतीस?" पोराबद्दल अवाक्षर नाही. परवा म्हणाल्या, "चटणी कवा करायची? मिरच्या महागायच्या आत आणूया."

आमच्याकडं वर्षाची चटणी एप्रिलात व्हायची. पाच किलो मिरची: ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. गच्चीवर वाळवून देठं खुडायची. खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला त्या स्वतः भाजणार, कारण माझ्या हातनं धणे करपतात हे त्यांचं मी लग्न होऊन आल्यापासूनचं मत. लसूण सोलायचं आणि डबे घेऊन कांडपाला जायचं काम माझं. डंकासमोर नंबर लावून तोंडाला पदर बांधून बसायचं, तरी दोन दिवस शिंका थांबत नाहीत. नवरा या सगळ्यात कुठं नव्हताच. त्यांना चटणी डब्यात दिसायची.

बहीण म्हणते फोन उचलू नकोस, सुटलीस ना एकदाची. मुलगा म्हणतो तुझं तू ठरव. मला जायचंय. पण उंबरा ओलांडायचा तो कोण म्हणून? शिवाय रात्री तीनला जाग येते ती येतेच. ज्यांचा संसार असा उशिरा मोडला, त्यांनी सासरच्या माणसांचं काय केलं?

सुनंदा, इचलकरंजी

ताई, माझा 49 व्या वर्षी झाला. माझे सासरे तुमच्या सासूबाईंसारखे. मी जात राहिले. ते वारले तेव्हा मातीलाही गेले, कुणी अडवलं नाही. 'कोण म्हणून' हा प्रश्न दारात गेल्यावर कुणी विचारत नाही, घरी बसून आपणच विचारतो.

पण कागदांकडंही बघा. कोर्टाचा हुकूमनामा हातात आला म्हणजे सगळीकडं नावं बदलली असं होत नाही. एलआयसी, एफडी, बचत खातं, जिथं नॉमिनी म्हणून त्यांचं नाव असेल तिथं फॉर्म भरून बदलावं लागतं. मेडिक्लेम त्यांच्या पॉलिसीतून असेल तर स्वतःची लगेच काढा. या वयात हप्ता जास्त बसतो, आणि बीपी-शुगरसारख्या आधीच्या दुखण्यांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत, नोंदणीची सक्ती नाही. आडनाव बदलायचीही सक्ती नाही, कुणी काही सांगितलं तरी.

पेठेतला

वैनी, बिनधास्त या. मी शिवाजी पेठेतलाच. गल्ली चार दिवस बोलती, पाचव्या दिवशी पाण्याला मोटर कुणी लावली यावर भांडती. आणि कोल्हापुरात घटस्फोटाला नाकं मुरडणाऱ्यांची मला गंमत वाटते. शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वीच संस्थानात घटस्फोटाचा कायदा केला होता. हिंदू विवाह कायदा आला तो 1955 ला. महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला सगळे पुढं, आणि शेजारची बाई वेगळी राहिली की खिडकीत.

स्पष्टवक्ती

सगळे जा म्हणतायत, म्हणून मी उलटं लिहिते. फोन त्या स्वतः करतात, का कुणी लावून देतं? माझ्या मावशीचं असंच झालं. आधी नुसती खुशाली. मग 'त्याला पथ्याचं कोण करून घालणार'. मग 'एवढी एक सही दे'. वर्षभरात मावशी रोजचा डबा पाठवायला लागली होती! ज्या कामातून सुटण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तेच काम. म्हातारीचा हेतू वाईट नसेलही, पण तिच्या पोटात पोराची काळजी असणारच. चटणी करायची तर तुमच्या घरी बोलवा.

आणि तीनला जाग येते हे अंगावर काढू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. सीपीआर या सरकारी दवाखान्यातही मानसोपचार विभाग आहे. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून लाजू नका, तेही तिथं त्यासाठीच आलेलं असेल.

राजारामपुरीकरीण

स्पष्टवक्ती, वाचून आधी राग आला तुमचा. मग सासूबाईंना सरळ विचारलं. शेजारच्या पोरीनं त्यांच्या फोनमध्ये एक आकडा दाबला की मला लागेल असं करून दिलंय, आणि तो त्या स्वतःच दाबतात. माझ्याकडं मात्र त्यांना येता येणार नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे गेलेत.

तेव्हा मीच जाणार, ते कामावर असतील तेव्हा. त्यांच्या जेवणाखाण्याचा विषय निघाला की मी उठणार, हे फोनवरच सांगून टाकलंय. जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "बरं, नाय काढत." चटणी यंदा दोन किलोची, निम्मी निम्मी. खर्चाचंही निम्मं म्हटल्यावर भडकल्या. "पैशाचं बोलणार असशील तर येऊच नको." शेवटी मिरच्या माझ्या आणि खोबरं-मसाला त्यांचा, यावर तह झाला. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

सुनंदाताई, आडनाव ठेवतेय. पॅन, पगार, सगळं त्याच नावावर आहे, आणि ते नाव इतकी वर्षं मीही चालवलंय. एफडीवर मुलाचं नाव घालायला सोमवारी बँकेत जाते. मेडिक्लेमचे दर मागवलेत, आकडा बघून घाम फुटला, पण काढणार.

14416 वर अजून केलेला नाही. नंबर फ्रिजवर लावलाय.

पेठेतला

वैनी, दोन किलोच असली तरी कांडपाला सकाळी लवकर जावा. एप्रिलात दहानंतर नंबर लागत नाही. आणि मिरच्या लक्ष्मीपुरीत घ्या, पण दोन-तीन दुकानं फिरून.