डीपीएफ सेन्सरचा पी २४५३ कोड पुसूनही परत येतोय, मदत हवी आहे

गाडी २०२१ ची, बीएस ६ डिझेल, ६८ हजार किलोमीटर. रोजचा वापर मडगाव ते वेर्णा, म्हणजे छोट्याच फेऱ्या. पाऊस सुरू झाल्यापासून चेक इंजिनचा दिवा लागतो. कोड एकच, पी २४५३, म्हणजे डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणाऱ्या सेन्सरचा. पुसला की दोन-तीन दिवसांत पुन्हा हजर. पिकअप ठीक आहे, काळा धूर नाही.

सेन्सरच्या दोन्ही रबरी नळ्या काढून फुंकून बघितल्या, मोकळ्या आहेत, चीर नाही. कनेक्टर उघडला तर एका पिनवर हिरवट थर होता. क्लीनर मारून ब्रशने घासला. ५ व्होल्ट आणि अर्थ दोन्ही नीट मिळतात. कणकोणपर्यंत हायवेला चालवून रीजनरेशनही (फिल्टरमधली काजळी जाळणं) पूर्ण झालं, स्कॅनरवर काजळीचा आकडा उतरला.

खटकतंय ते असं: चावी ऑन, इंजिन बंद, दोन्ही नळ्या काढलेल्या, तरी स्कॅनर दाबातला फरक ३ किलोपास्कल दाखवतो. तिथे जवळजवळ शून्य हवं ना?

सर्व्हिस सेंटरवाले थेट अख्खा डीपीएफ बदला म्हणतात. ते मला अजिबात पटत नाही, आणि खर्चही झेपणारा नाही. डीपीएफ काढून टाकायचा सल्ला मात्र कृपया देऊ नका, ते करायचं नाही.

सेन्सरच गेलाय असं धरू, की सिग्नलच्या वायरमध्ये गंज असेल तरी असाच आकडा येतो? आणि नवा सेन्सर बसवल्यावर स्कॅनरने इंजिनच्या कॉम्प्युटरने जुन्या सेन्सरवरून शिकलेली व्हॅल्यू रिसेट करावीच लागते का?